घरातली तीन मतं

बुधवारी मतदान झालं आन् शनवारी मोजणी व्हती. मधल्या दोन दिसांत आमच्या वाडीतल्या गड्यांच्या तोंडाला लय काम लागलं. पारावर बघा, सोसायटीच्या पायरीवर बघा, न्हाईतर डेअरीत दूध घालताना बघा, एकच चाललेलं. "येतंय. शंभर टक्के येतंय." कोण येतंय त्ये कुणी सांगायचं न्हाई आन् कुणी इचारायचं न्हाई. राजवर्धनदादा येणार, साहेब पडणार. पंधरा वर्सं आमदार, त्याच्या आधीपासनं कारखान्याचं चेअरमन, असलं साहेब ह्या टायमाला आपटणार, ह्ये शेंबड्या पोरालाबी ठावं झालेलं.

आमचं मालक दादाचं बूथ एजंट. मिल्ट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर होऊन आठ वर्सं झाली, पर कागूद, पेन आन् रेघा ह्यांचा नाद काय सुटत न्हाई. बेस्तरवारी सकाळी मतदार यादी मांडीवर घिऊन चुलीपुढं बसलं आन् घरवार खुणा करत सुटलं.

"सहाशे चार मतं झाली. चारशे आपली. लय वंगाळ धरलं तर तीनशे ऐंशी," म्हणालं.

"आवं, पर माणसांला इचारलं का?"

"इचारायचं काय त्यात? कर्ता गडी आपला म्हंजे घर आपलं. एवढं साधं गणित हाय."

आन् माझ्या देखत आमच्या घराच्या तीन नावांवर, नाथाजी, विजयमाला, साक्षी, एका दमात एकच लांब रेघ वढली. मी भाकरी थापत व्हते. माझ्याकडं मान वर करून बघितलंसुद्धा न्हाई. तव्यावरची भाकरी करपून गेली तरी माझं ध्यान न्हवतं. कारण त्या रेघंखालचं मधलं नाव खोटं व्हतं. मी साहेबाला मत दिलं व्हतं.

आता तुमी म्हणाल, बाई येडी का काय. तर ऐका, मग ठरवा.

घरामागं आमचा एक एकर आडसाली ऊस. सोळा महिनं झालं. निम्म्या रानाला तुरा आला, आतनं पोकळ पडायला लागला, बांधाकडचा तर लोळून त्याला जागच्या जागी कोंब फुटलं. तुरा आलेला ऊस थांबत न्हाई, दर दिसाला हलका व्हतो. आन् तोड कारखान्याच्या हातात, कारखाना साहेबाच्या हातात. मागच्या उसाच्या टायमाला मालकांनी कारखान्याच्या सभंत उभं राहून एक प्रश्न इचारला, वजनाचा काटा बाहेरच्या माणसाकडनं तपासा म्हणून. एवढंच. तर आमची तोडीची चिठ्ठी एप्रिलपातूर आली न्हाई. सगळ्या शिवाराचं फड मोकळं झालं, आमचा तेवढा उभा. एप्रिलच्या उन्हात शेवटी पेटवून तोडला. ऊस कसला, सरपणच ते. त्यात ह्या साली मालक दादाचा पंचा गळ्यात घालून दारोदार फिरलेलं. साहेब निवडून आलं तर आमच्या उसाकडं कुत्रंबी फिरकणार न्हाई, ह्ये मला काय कळत न्हवतं?

कळत व्हतं. पर दुसरंबी एक कळत व्हतं. साक्षी मलकापूरला नर्सिंगला जाती. आमच्या वाडीला आधी बस न्हवती, वडापच्या जीपा व्हत्या. नऊ जणांच्या जीपंत सोळा जण. दादाच्या मेव्हण्याच्या सात जीपा हायेत त्या. पयल्या महिन्यात साक्षी एक दिवस घरी आली ती कुणाशी बोलली न्हाई, न्हाणीत जाऊन वढणी दगडावर घासत बसली. पुन्ना पुन्ना तीच वढणी. दुसऱ्या दिशी म्हणाली, "मला न्हाई जायचं कॉलेजला." मी इचारलं न्हाई. आईला इचारावं लागत न्हाई. मंगल माझी चुलतजाऊ, तिची प्रांजल, अख्तरबीची शिफा, सगळ्यांच्या घरात तसलंच कायबाय. आमी तीस बायका उठलो, साहेबाच्या बंगल्यावर गेलो. साहेबांनी पायऱ्यांवरच फोन लावला, कुणाला तरी झाप झाप झापलं. आठवड्यात सकाळी सहा चाळीसची बस सुरू झाली. अजून चालती, नऊ गावं घेती.

आन् प्रचारात पारावर दादाची माणसं काय म्हणाली? "निवडून आलं की पयली ती बस बंद करायची, रिकामी पळती." सगळं गडी हसलं. आमचं मालकबी हसलं. त्यास्नी फटफटी हायेत, त्यांला काय. मी पाण्याची घागर घिऊन मागनं चालले व्हते, पर बाईला कान असत्यात ह्ये पारावर कुणाला सुचत न्हाई.

तर बुधवारी मशीनपुढं उभी राहिले आन् मनात आलं, दादा येतंयच. शंभर टक्के. सगळं गाव म्हणतंय. माझ्या एका मतानं काय आडतंय? दादा आला म्हंजे ऊस तुटतोय, आन् माझ्या मनालाबी टोचणी राहत न्हाई. दाबलं साहेबाचं बटण. बारक्या खिडकीत चिठ्ठी दिसली, पडली. बाहेर आले तर मालक मंडपात बसलेलं. माझ्या बोटाची शाई बघून हसलं. इचारलं आसतं तर तितंच सांगितलं आसतं. पर इचारतंय कोण?

बेस्तरवारी दुपारी दारात फटफटी थांबली. बघते तर जयराज. कारखान्याचा चिटबॉय, तोडीच्या चिठ्ठ्या ह्येच्या हातात. मागच्या तोडीच्या टायमाला मालक ह्येच्या फाटकाबाहेर तास तास उभं राहिलं व्हतं. माझ्या नवऱ्यानं कारगिलला बर्फात पाय रोवलेलं, आन् ह्ये काल मिसरूड फुटलेलं त्येंला फाटकातनं म्हणायचं, "बघू, पुढच्या पंधरवड्यात." आज गडी स्वतः चप्पल काढून वसरीत आला.

"आप्पा, चा पाजता का न्हाई?"

मालकांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. मी चा टाकला. जयराजनं खिशातनं चिठ्ठी काढली, दोन हातांनी दिली. "उद्या सकाळी टोळी लावतो. ट्रॅक्टर आपल्या धुळाचा. दोन दिसात रान मोकळं."

"आमचा नंबर लागला व्हय?" मालक मुद्दाम म्हणालं.

"आप्पा, मागचं सोडा. दादांला आपलं नाव सांगा तेवढं. म्हणावं, जयराज वाईट पोरगं न्हाई."

साहेबाच्याच कारखान्याचा माणूस साहेब पडणार म्हणून आमच्या दारात चा पितोय, आता आणिक काय पायजे? मला लय हलकं वाटलं. चला, माझ्या मतानं कायबी बिघडलं न्हाई. कपबशी घ्यायला गेले तर जयराज हळूच म्हणाला, "काकी, बायकांचं कसं हाय?"

"बायकांचं कसं म्हंजे?"

"न्हाई, आमची आई. दोन दिवस झालं इचारतोय, मत कुणाला दिलंस. नुस्ती भाजी निवडती."

मी कपबशी उचलली. "म्हातारं माणूस, इसरली आसंल," म्हणाले आन् आत गेले. आत जाऊन उगंच डब्यांची झाकणं काढली, लावली.

शुक्करवारी तांबडं फुटायला टोळी आली. आठ कोयतं. मुकादम बीडकडचा, कानाला मफलर. सपासप कोयतं चालायला लागलं, बुडाला एक घाव, शेंड्याला एक, मधी पाचट झाडायचं, ऊस बाजूला. उसाच्या कुसानं गडी-बायांच्या हातावर वरखाडं उठत व्हतं. मालक बांधावर उभं, हाताची घडी, पहाऱ्यावर उभं राहावं तसं ताठ. येणाऱ्या जाणाऱ्याला हाक मारत व्हतं. "आवो, या की! तोड लागलीया आमची!" तोड काय, लगीन लागलंय असं. पर खरं सांगते, मलाबी बरं वाटत व्हतं. दोन सालानं त्येंचा आवाज असा मोकळा आयकला.

मंगल जनावरांला उसाच्या शेंड्याचं वाढं न्यायला आली. आमी दोघी बांधाच्या पलीकडं वाढ्याच्या पेंढ्या बांधत बसलो. बोलता बोलता मंगलचा हात थांबला.

"आक्का, एक सांगू? शपथ घे, कुणाला बोलायचं न्हाई."

"बोल की."

"मी साहेबाला दिलं."

मला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. "काय दिलं?"

"मत गं. प्रांजलची बस हाय न्हवं. मला वाटलं, दादा तर येतंयच, तुमचा ऊस काय राहत न्हाई, माझ्या एका मतानं काय आडतंय."

माझंच वाक्य. शब्दाला शब्द. आन् मी काय केलं? मी तिच्या अंगावर गेले. "मुडदा बशिवला तुझा! माझ्या उसाच्या जिवावर तुझी बस? घरातल्या माणसागत तुला धरली आन् तू—"

मंगलचं तोंड एवढंसं झालं. पदर डोळ्याला लावला. तवा माझी मला लाज वाटली. हातातली पेंढी खाली टाकली.

"गप. मीबी तेच केलंय."

मंगल बघतच राहिली. मग आमाला जे हसू फुटलं, पोट धरून, त्वांडात पदर कोंबून. मालकांनी लांबनं हाक मारली, "काय गं खिदळताय?" तर आणिकच हसलो. डोळ्यातनं पाणी आलं. मग हळूहळू हसू गेलं आन् नुस्तं पाणी राहिलं.

"आक्का," मंगल म्हणाली, "आपण दोघीच असू न्हवं?"

मला जयराजची भाजी निवडणारी आई दिसायला लागली. दुपारी नळावर अख्तरबी भेटली. तिचा दादला इमाम, वढ्याकडंला त्येंचं गुऱ्हाळ. शिफा आन् साक्षी एकाच बाकावर बसून जात्यात. मी म्हणाले, "अख्तरबी, उद्या मोजणी."

"व्हय की," म्हणाली आन् धुतलेली कळशी पुन्ना धुवायला लागली. माझ्याकडं बघंना. मी फुडं काय इचारलं न्हाई. इचारायची हिंमतच झाली न्हाई मला.

सांजच्याला बसची वेळ झाली तशी मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. उगंचच. बस आली. मी उतरणाऱ्या आन् आत बसलेल्या पोरीबाळी, बायका मोजत राहिले. कुणाच्या हातात भाजीची पाटी, कुणाच्या पाठीला दप्तर, एक पोटुशी बाई दवाखान्यातनं आलेली. अडोतीस. एका फेरीला अडोतीस, आन् गावं नऊ. घरी येताना साक्षीला इचारलं, "तू गं कुणाला दिलंस?"

"आई, मत गुप्त असतंय."

"माझ्यापास्नंबी?"

"तू मला सांगितलंस का?" म्हणाली कार्टी. फुडं पळाली. मी तितंच रस्त्यात उभी. तीनातली दोन. मालकांच्या त्या लांब रेघंखालची तीनातली दोन! मी औंधच्या यमाईला हात जोडलं. पर मागायचं काय? दादा येऊ दे म्हणावं तर बस जाती. साहेब येऊ दे म्हणावं तर ऊस जातोय आन् मालकांची मान जाती. शेवटी म्हणाले, आई, निदान उद्या सांजपातूर ट्रॅक्टर भरू दे. देवीनं मनात काय म्हटलं आसंल कुणास ठावं.

शनवारी मालकांनी इस्त्रीचा सदरा घातला. "दोन ट्रॉल्या भरून घे. मी गुलाल घिऊनच येतो," म्हणालं आन् पारावर गेलं. तिथं मोठा टीव्ही लावलेला. मी फडात राहिले. शुक्करवारी तोडलेला ऊस मोळ्या बांधून तयार व्हता, तो धुळाच्या ट्रॉलीत भरायला लागला. एका बाजूनं कोयतं चाललेलंच. धुळा गरीब माणूस, धनगराचा, ट्रॅक्टरच्या टपावर मोबाईल ठेवून बातम्या आयकत मोळ्या लावत व्हता.

पारावरनं आरडा आला. पयली फेरी, दादा म्होरं. दुसरी, दादा म्होरं. शिट्ट्या. तिसऱ्या फेरीला कुणीतरी फटाक्याची माळ लावली. मी मुकादमाला म्हणाले, "भाऊ, हात उचला जरा." तो म्हणाला, "ताई, माणसं हायती, मशीन नाही." खरं व्हतं त्येचं. मग मीच पदर खोचला आन् मोळ्या उचलायला लागले. एक मोळी डोक्यावर, फळीवरनं चढायचं, टाकायची, उतरायचं. मानंत कळ, छातीत भाता. मनात एकच, भर. काय व्हायचं त्ये व्हायच्या आत भर.

सातव्या फेरीनंतर पारावरचा आवाज आला न्हाई. आठवीलाबी न्हाई. मी कान लावून थांबले. टिटवी वरडत गेली तेवढंच.

"धुळा, काय म्हणतोय फोन?"

धुळानं माझ्याकडं बघितलं. "काकी, आपल्या बाजूची गावं निघाल्याती. दादा कमी व्हतोय."

"किती?"

"नऊ हजारांनी म्होरं व्हता. आता दोन हजार."

आपल्या बाजूची गावं म्हंजे बसची गावं. एक ट्रॉली भरली व्हती, दुसरी निम्मी. मी आणिक दोन मोळ्या चढवल्या. तिसरी उचलताना मुकादमाचा फोन वाजला. तो आयकत राहिला, "हां, हां, बरं," म्हणाला, आन् माणसांकडं वळून नुस्ता हात आडवा केला. कोयतं थांबलं. सपासप आवाज बंद झाला तसं रान येकदम मोठं वाटायला लागलं.

जयराज आला. फटफटीवरनं उतरला न्हाई, इंजिनबी बंद केलं न्हाई. "टोळी वरच्या मळ्यात लावायची. धुळा, ट्रॉली मोकळी कर."

"जयराज, भरलीया बाबा ती," मी म्हणाले. "भरलेली तेवढी तर जाऊ दे. परवा दोन हातांनी चिठ्ठी दिलीस की!"

"काकी, चिठ्ठीत चूक व्हती." माझ्याकडं न बघता मोबाईलवर बोट फिरवत व्हता.

तेवढ्यात मालक आलं. पारावरनं चालत. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. कुणी मागं न्हाई, म्होरं न्हाई. आल्या आल्या म्हणालं, "चारशे सात मतांनी पडला." एवढंच. मग ट्रॉलीकडं बघितलं, जयराजकडं बघितलं. फटफटीच्या हँडलवर हात ठेवला आन् म्हणालं, "भरलेली न्हेऊ दे पोरा. एवढी एकच. मी पाया पडतो म्हण."

मला त्ये आयकू नये असं झालं. जयराजनं हँडल वळवलं, त्येंचा हात आपसूक खाली पडला. फटफटी गेली.

धुळानं ट्रॉलीची फळी काढली. "काकी, माझ्या हातात काय हाय? मला उद्या तिथंच धंदा करायचाय." आन् भरलेल्या मोळ्या एक एक करून खाली, मातीत. ज्या मी डोक्यावर न्हेऊन टाकल्या त्याच. मालक जागचं हललं न्हाईत. ट्रॅक्टर गेल्यावर निम्मं रान उभं, निम्मं आडवं, आन् मधी आमी दोघं. लांबनं, साहेबाच्या बाजूनं, फटाकं वाजायला लागलं.

आयतवारी सकाळी इमामभाई दारात. "नाथाजी, आसं तोंड पाडून बसू नगंस गड्या. तोडलेला ऊस दोन दिसांत वाळंल. मी काहील तापवतो. माझी बारकी ट्रॉली हाय. आण सगळा, गूळ करू. उभ्याचं मागनं बघू."

मालक उठलं, पर उसाला माणसं पायजेत. त्येंनी पाराकडं जाऊन हाका मारल्या. परवापातूर 'शंभर टक्के' वरडणारं निम्मं गडी सकाळीच हार घिऊन साहेबाच्या बंगल्यावर गेलेलं. उरलेलं म्हणालं, पाठ दुखती. मालक परत आलं आन् एकटंच मोळी उचलायला लागलं. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघा मिल्ट्रीतच गेलेला. मी मंगलच्या दारात गेले. तितंच उभी राहिले. मंगलनं चुलीतली लाकडं मागं वढली.

घटकाभरात मंगल आली, तिच्या मागनं अख्तरबी, तिच्या मागनं आणिक सात-आठ जणी. जयराजची आईबी आली, कंबरंत वाकलेली, हातात इळा. कुणी कुणाला काय इचारलं न्हाई. मातीतल्या मोळ्या झाडायच्या, सुटलेल्या पुन्ना बांधायच्या, डोक्यावर घ्यायच्या. मालक इमामभाईच्या ट्रॉलीवर उभं राहून रचत व्हतं. ऊन चढलं. उसाच्या पानानं गळं कापलं, घाम चरचरायला लागला. दोन खेपा गुऱ्हाळावर गेल्या. तिसरी भरताना मालक थांबलं. पंच्यानं तोंड पुसलं.

"बघ विजे. पारावरचा एक गडी आला न्हाई. ह्या बाया आल्या. ही घरं मी यादीत पक्की धरली व्हती, ती खरी निघाली. फुटलं ते दुसरीकडं फुटलं." मग सगळ्यांकडं बघून म्हणालं, "मंगल, अख्तरबी, मावशे, तुमची मतं वाया गेली. पर नाथाजी ह्ये इसरायचा न्हाई."

माझ्या आन् मंगलच्या डोक्यावर मोळ्या व्हत्या, आमी तशाच उभ्या. अख्तरबी पायानं पाचट चाळवत राहिली. जयराजची आई इळ्याच्या धारंवर बोट फिरवत बसली. गप राहिले आसते तर निभावलं आसतं. उलट लय बरं झालं आसतं, मालकांला तेवढंच समाधान. पर जे झालं न्हाई त्याबद्दल हा माणूस सगळ्यांपुढं हात जोडायला निघाला, आन् कालच त्यो एका पोराच्या पाया पडतो म्हणाला व्हता. मला त्ये सोसंना.

"आवं," मी म्हणाले, "वाया न्हाई गेली."

"काय?"

"मत. माझं मत वाया न्हाई गेलं. लागलं त्ये."

त्येंला आधी कळलं न्हाई. मग कळत गेलं, ते मला दिसलं. त्येंनी माझ्याकडं बघितलं, मग मंगलकडं, अख्तरबीकडं, जयराजच्या आईकडं. एकेकीवर नजर थांबायची, म्होरं जायाची. बायकांनी माना खाली घातल्या, पर घरी एकबी गेली न्हाई. मी म्हणाले, "दुसरीचं मी कशाला सांगू? माझं सांगितलं. मला वाटलं दादा येतंयच, तुमीच म्हणत व्हता. माझ्या एकटीनं काय व्हतंय, असं वाटलं." बोलता बोलता मला रडू फुटलं. "आवं, मला ऊस नगं व्हता असं न्हाई हो."

मालक ट्रॉलीच्या फळीवर बसलं. पाय खाली सोडून. आता हातातलं काय तरी फेकून मारत्यात का रान सोडून जात्यात, मला समजंना. वाऱ्यानं तुरं हालत व्हतं. इमामभाई ट्रॅक्टरपाशी पाठ फिरवून उभं राहिलं.

त्येंनी मान वर केली.

"का?" म्हणालं.

नुस्तं का. रागानं म्हणत्याल असं वाटलं, पर राग न्हवता. खरंच कळत न्हवतं त्येंला, म्हणून इचारलं. सव्वीस वर्सं झाली लगनाला, किती इलेक्शनं झाली, आज पयल्यांदा मला कुणी इचारलं.

माझ्या त्वांडाशी सगळं एकदम आलं. जीप, साक्षीची वढणी, साहेबाच्या पायऱ्या, पारावरचं हसणं. कुठनं सुरू करावं सुचंना. हात उसानं भरलेलं, डोळं पुसायलाबी मोकळं न्हाईत.

"सांगते," म्हणाले. "सगळं सांगते. आधी ही मोळी घ्या. मान मोडली माझी."

त्येंनी वाकून मोळी घेतली.